उजवी खिडकी आणि विलासचं वळण

मद्रासहून विमानाने परत यायचं ठरलं ते एका नदीच्या वळणावरून चाललेल्या जुन्या भांडणामुळे. आराम, हौस वगैरे कारणं मी नंतर जोडली.

ऐंशीच्या दशकाचं शेवटचं वर्ष. दिवाळी होऊन महिना झालेला. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणायचो आणि निम्मी डोंबिवली 'बाई' म्हणायची, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. लग्न केलं नाही, माझ्या संसारातच राहिली. मला कविता आवडू लागल्या त्या तिच्यामुळे. पाठ्यपुस्तकातली प्रत्येक कविता तिला चालीसकट पाठ होती. ती पोळ्या लाटताना म्हणायची आणि मी पाटावर बसून लाटण्याच्या तालावर मान डोलवायचो. तर या अक्काचा डावा डोळा काचबिंदूने नेला होता, आणि उजवा वाचवायचा असेल तर मद्रासला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्या, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. जाताना रेल्वे. येताना विमान, असं मी सुचवलं.

"मला काय करायचंय उडून?" अक्का म्हणाली. "पैसे वर आलेत का तुझे?"

तो विषय तिथेच मिटला असता. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी विलास आला.

विलास पश्चिमेकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. आजोबांची होडी, बापाची होडी. याने मात्र मानपाडा रोडवर काचेचं नि फोटोफ्रेमचं दुकान टाकलेलं. चौथीत तो अक्काच्या वर्गात होता. चौथीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. परीक्षेत ठाणे जिल्ह्याचा नकाशा आला, तेव्हा याने उल्हास नदी काढताना डोंबिवलीच्या खाली तिला हे एवढं मोठं पोट काढलं. दक्षिणेला झोळीसारखं लोंबणारं. पुस्तकातल्या नकाशात नदी तिथे जराशी वाकलेली, बस्स. अक्काने लाल पेन्सिलीने काट मारून शेजारी लिहिलं, 'नकाशा मनाने काढू नये.' दहापैकी तीन.

"बाई, मी रोज बापासंगं होडीतनं जातो, ते वलन लय मोठं हाय," असं विलास म्हणाला. उलट उत्तर दिलं म्हणून तिने त्याला तासभर बाकावर उभं केलं.

तेव्हापासून तो रस्त्यात, देवळात, लग्नात, जिथे भेटेल तिथे विचारायचा, "बाई, माजे सात मार्क कदी देताव?" अक्का म्हणायची, "नदी सरळ झाली की देते." चोवीस वर्षं हा संवाद चालू होता. मला वाटायचं ती गंमत आहे. पण डोळ्याचं दुखणं निघाल्यापासून अक्का दोनदा मला म्हणाली होती, "मधू, मी तो नकाशा हजारदा फळ्यावर काढला असेल. पण नदी मी स्वतः कुठे पाहिली रे? पुस्तकातून फळ्यावर उतरवली, झालं."

त्या संध्याकाळी विलास म्हणाला, "बाई, इमानातनं या ना. दुपारची इमानं मलंगगडाच्या अंगानं खाली उतरतात, आमी रोज बगतो. वरनं सगलं दिसल. मी खोटा निगालो तं शालेसमोर कान धरून उबा ऱ्हातो."

"आणि मी खोटी निघाले तर?"

"सात मार्क."

"अरे, पण एका डोळ्याने मला वरून डोंबिवली ओळखू येणार कशी?"

विलास हसला. "आरसा! तुमच्याच गच्चीवर हुबा ऱ्हातो, दुकानातला मोठा आरसा घेऊन. कवडसा पाडतो तुमच्यावर. शालेत कंपासच्या झाकनानं पाडायचो तसा."

"म्हणजे तो तूच होतास तर!" अक्का म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "मधू, विमानाचं बघ."

*

आता थोडं माझ्याबद्दल, कारण जागा कशी मिळवावी हे वाचायलाच काही जण इथे आले असतील. मी मानपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात खरेदी खात्यात होतो. टेंडरच्या कामासाठी कंपनी मला वर्षातून एकदोनदा विमानाने दिल्लीला किंवा मद्रासला धाडायची. तेवढ्यावर मी सोसायटीत विमानप्रवासाचा तज्ज्ञ ठरलो होतो. कोणाचा जावई दुबईला निघाला तरी सल्ल्याला माझ्याकडे.

त्या काळी जागा घरबसल्या निवडता येत नसे. विमानतळावरच्या काउंटरवर एक जाड कागद असायचा, त्यावर विमानाचा नकाशा छापलेला आणि प्रत्येक आसनाच्या जागी नखाएवढी चिकटपट्टी. काउंटरवरची मुलगी ती पट्टी उचलायची आणि तुमच्या बोर्डिंग कार्डावर चिकटवायची. पट्टी गेली की जागा गेली. म्हणून पहिला नियम: कागद भरलेला असताना पोहोचा. दुसरा: पंखावरची खिडकी घेऊ नका, पत्रा बघत बसाल. तिसरा: कोणत्या बाजूला काय दिसतं याची वही ठेवा. माझ्या वहीत लिहिलेलं होतं, 'मुंबईला उतरताना, विमान पूर्वेकडून येत असेल तर, उजवीकडे मलंगगड, मग आपलं गाव, मग खाडी. डावीकडे काही नाही.' हा नियम आजही चालतो, वाचकहो. उजवी खिडकी घ्या.

चौथ्या नियमात माझी दुखरी नस आहे. पुढचा वर्ग. पडद्यापलीकडचा. रुंद खुर्च्या, कापडी रुमाल, खऱ्या कपबशा. कधीकधी पुढच्या जागा रिकाम्या राहिल्या तर मागच्या एखाद्या प्रवाशाला फुकट पुढे बसवतात, असं मी ऐकून होतो. नीटनेटक्या माणसाची निवड होते, असंही. म्हणून प्रत्येक विमानप्रवासात मी माझ्या लग्नातला कोट घालायचो. अकरा प्रवास झाले होते. अकरा वेळा पडदा माझ्या तोंडावर ओढला गेला होता.

*

कल्याणला दुपारी मद्रासची गाडी धरली. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, पाण्याचा कुंजा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो. दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर एक स्वच्छ लॉज मिळाला. खाली खानावळ, केळीच्या पानावर भात, आणि सकाळी पितळी वाटीत ओतून गार करायची कॉफी. अक्काला ती कॉफी इतकी आवडली की शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी 'काही विचारायचंय का' म्हटल्यावर तिने 'कॉफी चालेल का' एवढंच विचारलं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सातव्या दिवशी पट्टी निघाली. अक्काने पहिल्यांदा खिडकीबाहेरचं नारळाचं झाड पाहिलं, मग मला, मग म्हणाली, "तुझे कल्ले पांढरे कधी झाले?" डॉक्टर वयस्क होते, मोजकं बोलायचे. प्रवासाला त्यांची हरकत नव्हती. ते म्हणाले, "हा डोळा किती वर्षं साथ देईल ते मी सांगू शकत नाही. जे बघायचं राहिलंय ते आधी बघून घ्या."

अक्काने मान डोलावली. लॉजवर परत येताना रिक्षात म्हणाली, "उजवी खिडकी नक्की मिळेल ना रे?"

एक लक्षात घ्या. तिला फक्त उजव्या डोळ्याने दिसत होतं. उजव्या खिडकीशी बसली तर काच तिच्या डोळ्याशी. डावीकडे बसवलं असतं तर समोरच्या पाठीशिवाय काही नाही, आणि नदी तर त्या बाजूला नव्हतीच.

"मिळेल म्हणजे? मी कशाला आहे?" मी म्हणालो.

*

सव्वादोनचं विमान. आम्ही साडेअकरालाच विमानतळावर. काउंटर उघडायचं होतं. रांगेत आमचा पहिला नंबर. इथे मी जी चूक केली ती कबूल करतो, कारण असली चूक माझ्यासारखा माणूसच करू शकतो. मला वाटलं, एवढा वेळ आहे तर कोट घालून येऊ. मद्रासचा उकाडा, म्हणून कोट पिशवीत होता. अक्काला बाकावर बसवलं, बॅग रांगेत ठेवली, आणि प्रसाधनगृहात जाऊन कोट घातला. टाय बांधला. तो आखूड झाला. पुन्हा बांधला. केसांना पाणी लावलं.

बाहेर येतो तर माझी बॅग कोणीतरी सभ्यपणे बाजूला सरकवलेली, आणि रांगेत एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड. पस्तीस-चाळीस माणसं, नारळाच्या टोपल्या, एक तान्हं मूल. त्यांच्या पुढाऱ्याने सगळ्यांची तिकिटं एका गठ्ठ्यात दिली आणि सांगितलं, "आमची माणसं एका बाजूला बसवा." बाजू कोणती? उजवी. मी लांबूनच बघत होतो, मुलीची नखं भराभर चालत होती आणि कागदाचा उजवा काठ पांढरा होत होता.

वऱ्हाडानंतर आमच्यापुढे दोघंच उरले. एक गप्प गृहस्थ, आणि एक तिशीतला, मिशीवाला, हातात औषध विक्रेत्यांची चामडी बॅग. उजव्या काठावर एकच खिडकी शिल्लक होती, अठरा एफ. माझ्या डोळ्यांदेखत तिची पट्टी उचलली गेली आणि मिशीवाल्याच्या कार्डावर बसली. शेजारची अठरा ई त्याच्या सोबत्याला, त्या गप्प गृहस्थाला.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. टाय गळ्याला काचत होता.

काउंटरवरची मुलगी आमची तिकिटं बघत होती. मग तिने अक्काकडे पाहिलं, काळा चष्मा, सुती लुगडं, काठी. मग माझ्याकडे, कोट. ती उठून आत गेली, कोणा वरिष्ठाला विचारून आली, आणि हसून इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या आईंना त्रास नको. पुढच्या वर्गात दोन जागा मोकळ्या आहेत. तुम्हाला तिथे देते, जादा काही नाही."

आईंना! अक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी होती, पण ते जाऊ द्या. माझ्या कानात घंटा वाजत होत्या. अकरा प्रवास! बाराव्या खेपेला पडदा उघडला! शाळेत बक्षीस समारंभाला नाव पुकारलं की पाय जसे जमिनीवरून सुटतात तसे माझे सुटले.

"मधू," अक्का म्हणाली, "पुढे म्हणजे खिडकी कुठल्या बाजूची?"

मी कागदाकडे पाहिलं. दोन ए, दोन बी. डावीकडची.

एक क्षण मी खोटं बोलणार होतो. खरंच सांगतो. तिला काय कळणार होतं? ढग दोन्ही बाजूंना सारखेच. खाली उतरताना म्हटलं असतं, धुकं आहे, दिसत नाही. पण तिने चष्मा काढून माझ्याकडे त्या एका डोळ्याने पाहिलं. वर्गात पाढा चुकलेल्या मुलाकडे बघायची तसं.

"डावीकडची," मी म्हणालो.

"मग मऊ खुर्ची घेऊन काय करू? मला नदी बघायचीय."

मिशीवाला अजून तिथेच बॅगेचं कुलूप लावत होता. मराठी ऐकून त्याने मान वर केली. "काका, कुठले तुम्ही?"

"डोंबिवली."

"काय सांगता! आपण विठ्ठलवाडी. मंगेश. काल आलेलो, कंपनीची मीटिंग होती."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. मी आजवर जागा मागत आलो होतो. आज पहिल्यांदा माझ्याकडे देण्यासारखी जागा होती.

"मंगेशराव," मी म्हणालो, "तुमची अठरा एफ आणि तुमच्या मित्राची शेजारची आम्हाला द्या. बदल्यात पुढच्या वर्गातल्या दोन जागा घ्या."

तो माझ्याकडे, मग कोटाकडे बघत राहिला. "काका, फसवताय काय? पुढची सोडून मागची कोण मागतं? विमानाच्या शेपटीला काय गडबड आहे का?"

अक्काने त्याला सगळं सांगितलं. नदी, नकाशा, विलास, आरसा. भर काउंटरवर, हातवारे करून, हवेत उल्हास नदी काढून. मंगेश ऐकत राहिला. त्याच्या सोबत्याला मराठी कळत नव्हतं, पण नदी कळली असावी, तो हसला.

"च्यायला, सॉरी बाई, पण भारीच आहे हे," मंगेश म्हणाला. "आमची विठ्ठलवाडी पण दिसेल काय?"

"दिसली तर तुझ्या घराला हात करते."

आता उरली काउंटरवरची मुलगी. ती म्हणाली, ही सवलत वयस्कर बाईंसाठी आहे, दुसऱ्याला देता येणार नाही. नियम नियम आहे. मी इंग्रजीत काही जुळवू लागलो तेवढ्यात अक्का पुढे झाली. तिच्या हिंदीत मराठीच जास्त असायचं.

"बेटी, तुमने मेरेको खाऊ दिया ना?"

मुलगी गोंधळली. "जी?"

"खाऊ. मिठाई. वो मेरा हो गया ना? अब मैं वो खाऊ वर्ग में बाटूं, तो तुम रागावोगी क्या?"

मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. पुन्हा आत जाऊन आली. मग मंगेशच्या कार्डावरून अठरा एफची पट्टी नखाने हळूच सोडवली आणि अक्काच्या कार्डावर चिकटवली. एक कोपरा जरा दुमडला. तो मी अंगठ्याने सपाट केला.

*

आणि मग घोषणा झाली, विमान सव्वा तास उशिरा सुटेल.

वाचकहो, डिसेंबरात आमच्याकडे सहाला सूर्य बुडतो. सूर्य नाही तर कवडसा नाही. सोसायटीत एकच फोन होता, तळमजल्यावर सेक्रेटरींकडे. तो लावला, सतत एंगेज. विलासला विमानाची तारीख-वेळ मी तारेने कळवली होती, पण आता उशीर कळवायची सोय नव्हती. तो चार वाजल्यापासून गच्चीवर उभा राहणार आणि पाच वाजता कंटाळून दुकान उघडायला जाणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर फिरत राहिलं. अक्का मात्र निवांत दुसरी कॉफी पीत होती. "विलास जात नाही," ती म्हणाली. "तासभर बाकावर उभं केलं होतं, एकदासुद्धा टेकला नव्हता."

विमान सुटलं. अक्का उडताना घाबरेल म्हणून मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, काच पुसायला. ढगांच्या वर आलो तेव्हा ती हळू आवाजात कविता म्हणू लागली, तिसरीच्या पुस्तकातली, ढगांवरची. दुसऱ्या कडव्याला मीही मिळालो. पुढच्या रांगेतल्या वऱ्हाडातल्या एका आजींनी मागे वळून ताल धरला, भाषा त्यांची वेगळी असून.

तासाभराने पडदा बाजूला झाला आणि मंगेश आला. कापडी रुमालात काजू. "बाई, तुमच्यासाठी. काका, खुर्ची एवढी मोठी आहे ना, मीच मला सापडत नाय." मी काजू खाल्ले. चांगले होते. पडदा पुन्हा सरकला तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

खाली उतरू लागलो. मी हवाई सुंदरीला विचारून ठेवलं होतं, विमान पूर्वेकडूनच येणार होतं. सूर्य खाली आलेला, तांबूस. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं. आधी डोंगर आले, मग तो ओळखीचा, कापून काढल्यासारखा सुळका.

"मलंगगड," मी म्हणालो. "आता त्याच्या पलीकडे बघ. उजवीकडे, लांब."

अक्काने कपाळ काचेला टेकलं. धुरकट हवा, करड्या घरांचा पुंजका, मध्ये रुळांची रेघ. पण कुठलं डोंबिवली, कुठलं कल्याण, काही लागेना. मी तिच्या खांद्यावरून वाकलो होतो. विमान थांबत नाही, वाचकहो. तो देखावा फार तर मिनिट-दोन मिनिटांचा.

"दिसत नाही रे," अक्का म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आणि मग त्या करड्या पुंजक्यात एक ठिणगी पडली.

विझली. पुन्हा पेटली. मग तिच्या शेजारी दुसरी. तिसरी. मग एकदम सहा-सात, लुकलुक, लुकलुक, जणू कोणी मूठभर दिवे फेकले असावेत.

"कवडसा!" अक्का ओरडली. "मधू, अरे कवडसा! ती आपली गच्ची! तो द्वाड पोरगा!"

अख्खं वऱ्हाड उजव्या खिडक्यांना चिकटलं. ती जागा कळल्यावर बाकीचं सगळं आपोआप जुळलं. गच्चीच्या पलीकडे पश्चिमेची घरं, त्यापलीकडे खाडी, म्हणजे आमची उल्हास नदीच. मावळतीच्या उन्हात ती पितळेसारखी चमकत होती. कल्याणकडून आली, डोंबिवलीच्या अंगाने खाली उतरली, उतरतच राहिली, दक्षिणेला हे एवढं मोठं पोट घेऊन झोळीसारखी लोंबली, आणि मग मुंब्र्याच्या डोंगराला टेकून पुन्हा वर निघून गेली.

अक्काचं बोट काचेवर फिरत होतं, नदीबरोबर. वळणापाशी ते थांबलं, खाली आलं, अजून खाली आलं.

"बरोबर होतं रे त्याचं," ती म्हणाली.

चाकं टेकली तेव्हा वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांनाही नीट माहीत नसावं.

*

सांताक्रूझला टॅक्सीवाले डोंबिवली म्हटलं की मान फिरवायचे. चौथा तयार झाला, परतीचं भाडं धरून. मंगेशला बरोबर घेतलं. ठाण्याला चहा आणि वडा, मग कळवा, मुंब्रा, शीळफाटा. मुंब्र्याला खाडी रस्त्याशेजारी आली तेव्हा अक्काने टॅक्सी थांबवली आणि खिडकीतून बघत बसली. अंधारात काही दिसत नव्हतं. टॅक्सीवाल्याने विचारलं, "मौसी, कुछ गिरा क्या?" ती म्हणाली, "हां, सात मार्क."

आठ वाजता घरी. जिन्यातच कळलं की सगळे गच्चीवर आहेत, कोणी खाली उतरलेलंच नाही. अक्का काठी टेकत चार मजले चढली. वर पिवळा बल्ब, आणि त्याखाली आरसेच आरसे. विलासच्या दुकानातले दोन माणूसभर उंचीचे, कोणाच्या कपाटाचा दरवाजाच बिजागऱ्यांतून काढून आणलेला, दाढीचे, टेबलावरचे, आणि घरोघरच्या स्टीलच्या पराती.

"बाई, दिसला का?" विलासने विचारलं. उन्हाने त्याचं तोंड रापलं होतं. "तुमचं इमान कंचं ते कलंना, मंग आमी एक बी सोडलं नाय. आठ इमानांना पाडला. सातवं तुमचं आसंल नायतर आठवं!"

(एक सूचना. हे तेव्हा चाललं. आता उतरत्या विमानावर कोणी उजेड पाडला तर पोलीस येतील, आणि यायलाच हवेत. कृपया करू नका.)

अक्का म्हणाली, "विलास, बाकावर उभा राहा."

गच्चीवर एक लोखंडी खाट होती, वाळवणाची. तेहतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, मानपाडा रोडवरच्या दुकानाचा मालक, चपला काढून मुकाट्याने खाटेवर चढला.

"माझ्या वर्गात या मुलाने नदी बरोबर काढली होती," अक्का सगळ्यांना म्हणाली. आवाज अगदी शाळेतला. "मी चूक दिली. नकाशा मनाने काढू नये असं लिहिलं. त्याने मनाने काढला नव्हता, होडीतून काढला होता. मनाने मी काढत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी परात बडवली. विलास खाटेवर उभा राहून आधी हसला, मग त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "बाई, आता उतरू का?"

"तासभर झाला का?" अक्का म्हणाली.

*

त्यानंतर मी पुष्कळ विमानं पाहिली. मुलीकडे परदेशात गेलो तेव्हा दोनदा पडद्यापुढे बसायलाही मिळालं, कोट न घालता. खुर्ची खरंच मोठी असते. खऱ्या कपबशा असतात. आता नात मोबाईलवर जागा निवडते, खिडकीला वेगळे पैसे पडतात, आणि डोंबिवली वरून ओळखणं मला दोन डोळ्यांनीही जमत नाही, इतके मनोरे झालेत. नदी मात्र लगेच सापडते. पोट तेवढंच आहे.

डॉक्टरांनी सांगता येत नाही म्हटलेला तो डोळा अक्काला पुढे अकरा वर्षं पुरला. त्या अकरा वर्षांत तिने सोसायटीतल्या सगळ्या पोरांकडून जिल्ह्याचा नकाशा काढून घेतला, आणि वळण लहान काढणाऱ्याला गच्चीवर नेऊन उभं केलं.

विलासचं दुकान मानपाडा रोडवर अजून आहे. गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरींच्या रांगेत, एक लहान फ्रेम लावलेली आहे. काचेखाली दुमडलेल्या कोपऱ्याची ती चिकटपट्टी, अठरा एफ. विमानप्रवासातली माझी एकुलती एक खरी कमाई, त्याने मागितली आणि मी दिली. तिच्या वर विलासने त्या आठवड्यात अक्कासमोर बसून नव्याने काढलेला ठाणे जिल्हा, नदीला मोठं पोट. शेजारी लाल पेन्सिलीने दहापैकी दहा, आणि अक्काची सही. खाली तारीख मात्र तिने त्या दिवसाची घातलेली नाही. विलास चौथीत होता, त्या वर्षाची घातली आहे.